कारचे शॉकअप घरच्या घरी बदलता येतात का? किती पैसे वाचतात?

येतात. मी बदललेत. आमच्या अंगणातल्या तुळशी वृंदावनाचा एक कोपरा नव्या सिमेंटचा दिसतो, तोही त्याच दिवसाचा.

गाडी २०१२ ची स्विफ्ट, ९४ हजार किलोमीटर झालेली. पाऊस संपता संपता सांगली-मिरज रस्त्यावर पुढून डावीकडे खडखड सुरू झाली. दादा म्हणाला, "आधी लिंक रॉड बघ." लिंक रॉड म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला शॉकअपशी जोडणारी छोटी दांडी. दादा बँकेत आहे. मी वाकून पाहिलं तर पुढच्या दोन्ही शॉकअपवरून तेल ओघळून त्यावर चिखलाचा थर बसलेला. म्हटलं, आणखी काय पुरावा पाहिजे? गॅरेजवाल्याने नुसती मजुरी अडीच हजार सांगितली, तेव्हा डोकंच फिरलं. दिवाळीच्या सुट्टीत स्वतः करायचं ठरवलं.

चाक काढलं, ब्रेकचा पाईप आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवली, लिंक रॉड सुटा केला. नकलचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचे, दोन जाड बोल्ट राहिले. त्यातला एक गंजून असा बसला होता की दोन तास त्याच्यातच गेले. शेवटी पान्याच्या दांड्यात नळाचा पाईप घालून लोंबकळलो तेव्हा सुटला. दादा पायरीवर बसून चहा पीत "तापव, तापव" म्हणत होता. शेजारी ब्रेकचा रबरी पाईप, आणि हा म्हणतो तापव!

इथवर हे काम कुणालाही जमेल. खरी गोम स्प्रिंगमध्ये आहे. पुढच्या शॉकअपला स्ट्रट म्हणतात, आणि स्प्रिंग त्याच्यावरच दाबून बसवलेली असते. मी स्प्रिंग दाबायच्या हुकांची जोडी ऑनलाइन मागवली होती, अठराशेला. एक हुक दोन वेटोळी वर लागला, एक खाली, आणि मी एकच बाजू पिळत गेलो. स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. तेव्हाच थांबायचं की नाही? मी स्प्रिंगला अडवून धरणारा वरचा नट काढला. जुना स्ट्रट ओढून काढताना हुक सरकला आणि स्प्रिंग माझ्या कानाजवळून जाऊन वृंदावनावर आदळली. आई दिवा लावून नुकतीच आत गेली होती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मग सगळं पोत्यात घालून स्कूटरवरून त्याच गॅरेजवाल्याकडे नेलं. त्याने प्रेसवर स्प्रिंगा दाबून वीस मिनिटांत दोन्ही नवे स्ट्रट जोडून दिले, तीनशे रुपये घेतले. हसला, पण कमी. तुम्हीही असंच करा: उतरवणं-चढवणं घरी, स्प्रिंगचं काम गॅरेजात. तिथे उभे राहा मात्र. नट आवळताना शॉकअपचा रॉड फिरू नये म्हणून कुणी तो पकडीने धरायला लागलं तर हात धरा. रॉडला ओरखडा गेला की सील फाटतं आणि नवा शॉकअपही गळायला लागतो.

गाडी रस्त्यावर काढली. खडखड तशीच. हो, लिंक रॉडच होता. पण म्हणून शॉकअप चांगले होते असं होत नाही. लिंक रॉडमधून तेल गळत नाही. हायवेवर उंचवटा गेला की गाडी दोन-तीनदा डोलायची, ते थांबलं. दोन्ही खराब असू शकतात एवढी साधी गोष्ट दादा आजही मान्य करत नाही.

राहिलेलं सांगतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा. विटा अजिबात नकोत. डावा-उजवा जोडीनेच बदला. नकल ब्रेकच्या पाईपवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. मागचे सोपे आहेत, तिथे स्प्रिंग वेगळी असते. फक्त शॉकअपच्या टोकाला असलेल्या रबरी बुशाचा बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर बुश पिळलेला राहून लवकर फाटतो. शेवटी चाकांची अलाइनमेंट करावीच लागते.

पैशांचं म्हणाल तर मजुरीचे अडीच हजार वाचले. हुक अठराशे, प्रेसचे तीनशे, गवंडी चारशे, अलाइनमेंट सहाशे. दादाने बेरीज करून कागद फ्रीजवर चिकटवला: सहाशे तोटा. अहो, अलाइनमेंट गॅरेजात काम केलं असतं तरी वेगळी द्यावीच लागली असती! ती वगळली की बरोबर अडीच हजार होतात. तो कागद अजून काढलेला नाही.