खानापूर भागात घरच्या अंड्यांसाठी कोणत्या कोंबड्या घ्याव्यात? सोबत कोंबडा लागतो का?

फक्त अंडी हवी असतील तर सुवर्णधारा जातीच्या 5-6 तलंगा (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, कोंबडा नको. त्याच्याविनाही कोंबडी तितकीच अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. परसात सुवर्णधारा आणि गिरिराज दोन्ही पाळल्यात, म्हणून सांगते. दोन्ही बेंगळुरूला तयार झालेल्या जाती. गिरिराज अंगानं जड, मांसाला उत्तम. सुवर्णधारा हलकी, अंडी जास्त, आणि रानालगतच्या घरी मुंगूस आलं तर पळून तरी वाचते. पिल्लं काढायचीच असतील तर 8-10 कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. पण या संकरित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर बसत नाहीत, तेव्हा अंडी उबवायला एक गावठी कोंबडी ठेवाच. शिवाय त्यांची पिल्लं आईइतकी अंडी देतीलच असं नाही.