वाचकांचे प्रश्न : लुटारूंना भारी पडलेली शाळा

प्रश्न : ‘द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी’ हा जुना ब्रिटिश विनोदी चित्रपट नुकताच पाहण्यात आला. त्यातील रेल्वेलुटीला खऱ्या घटनेचा आधार आहे काय? आणि अशी शाळा खरोखर होती काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लुटीला आधार आहे. ८ ऑगस्ट १९६३ रोजी पहाटे ग्लासगोहून लंडनकडे निघालेली टपालगाडी एका टोळीने बकिंगहॅमशायरमध्ये अडवली. हिरव्या सिग्नलवर हातमोजा चढवून आणि बॅटरीवर लाल दिवा पेटवून चालकाला फसवण्यात आले, आणि सुमारे २६ लाख पौंड पळवण्यात आले. चालक जॅक मिल्स यांच्या डोक्यावर झालेल्या प्रहारातून ते पुढे कधीच पूर्ण सावरले नाहीत, म्हणून मूळ घटनेत हसण्याजोगे काही नव्हते, हे आधी नोंदवले पाहिजे.

१९६६ साली फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलियट या जोडीने चित्रपट केला तो लुटीपेक्षा लुटीनंतरच्या फजितीवर, आणि त्यांची ही निवड मला फार योग्य वाटते. खरी टोळीही लपण्याच्या जागेमुळेच अडचणीत आली होती. लेदरस्लेड फार्म या शेतघरात मागे राहिलेल्या बोटांच्या ठशांनी अनेकांना तुरुंगात पोचवले. चित्रपटात फ्रँकी हॉवर्ड यांनी रंगवलेला केशकर्तनकार आणि त्याचे साथीदार पैसा एका ओसाड वाड्यात दडवून ठेवतात, आणि तो न्यायला परततात तेव्हा तेथे सेंट ट्रिनियन्स ही दांडगट मुलींची शाळा भरलेली असते. पोलिसांचा सगळा हिशेब मांडून बसलेल्या या माणसांनी शाळकरी मुलींचा विचारच केलेला नसतो, आणि चित्रपटाचा सगळा विनोद या एका चुकीतून उगवतो. म्होरक्या शेवटी आपल्याच मुलींना हेर म्हणून त्या शाळेत घालतो, यावरून त्याची अगतिकता लक्षात यावी.

शेवटचा आगगाड्यांचा पाठलाग हा चित्रपटाचा सर्वांत देखणा भाग आहे. तो हॅम्पशायरमधील लाँगमूर लष्करी रेल्वेवर चित्रित झाला. सैनिकांना रेल्वे चालवण्याचे शिक्षण देण्यासाठी असलेला हा मार्ग १९६९ साली बंद झाला, त्यामुळे रेल्वेप्रेमींना ती दृश्ये आज दस्तऐवजासारखी मोलाची वाटतात.

शाळा मात्र काल्पनिक आहे. व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांना हे नाव सुचले ते एडिंबरामधील जवळजवळ त्याच नावाच्या एका शाळेवरून, आणि या शाळेचे त्यांचे पहिले चित्र १९४१ साली ‘लिलिपुट’ मासिकात आले. पुढच्याच वर्षी सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांचे युद्धकैदी झाले. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर त्यांनी वेठीची मजुरी केली आणि जीव धोक्यात घालून तेथील यातनांची चित्रे लपूनछपून काढली. युद्धानंतर याच हाताने त्या दांडगट मुली पुन्हा रेखाटल्या, हे ठाऊक झाल्यावर त्यांच्या काळ्या, टोकदार रेषांकडे निव्वळ गंमत म्हणून पाहणे मला तरी जमत नाही.

आपण या मालिकेतील १९५४ सालचा पहिला चित्रपट, ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’, अवश्य पाहावा. त्यात ॲलिस्टर सिम यांनी मुख्याध्यापिका मिस फ्रिटन आणि तिचा लबाड भाऊ अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. रंग आणि वेग यांत १९६६चा चित्रपट सरस असला, तरी अभिनयात मी पहिल्यालाच वरचे स्थान देईन.