जून यायच्या आत काय शिकू? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही चौघं (आम्ही दोघं, मुलगा आठवीत, मुलगी चौथीत) मुंबई सोडून गोव्यात सत्तरीत सासऱ्यांच्या घरी कायमचे राहायला आलोय. थोडं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, विहीर, एक गाय, खाली भाताची जागा. ह्यांच्या डोक्यात सोलर, कोंबड्या, मधमाश्या सगळं एकदम चाललंय. मला कळत नाय सुरुवात कुठून करू, आणि जून तर जवळ आला. (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे, जून जवळ आला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, म्हणजे चार महिने धड काही वाळत नाय. कोंबड्या मधमाश्या ऑक्टोबरात आणा, काही बिघडत नाय. आत्ता शिकायचं ते वाळवणं आणि कोरडं ठेवणं. आपल्याकडे याला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजांचा, बेगमी मात्र त्यांच्या आधीपासूनची, आणि मे महिन्यात मडगाव म्हापशाला पुरुमेंताचा बाजार भरतो तिकडे एकदा जाऊनच या, कोण काय किती घेतंय ते नुसतं बघा, तुमची यादी तिथेच तयार होईल.

पहिलं काम भिरंडांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं. पिकलेली भिरंडं फोडून गर बिया वेगळ्या काढा, सालं उन्हात वाळवा, गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवा, परत वाळवा, असं पाच ते सात वेळा. भांडं काचेचं नायतर चिनी मातीचं, अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको, आंबट रस भांडं खातो. मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी घाई केली, वरून काळी झालेली दिसली म्हणून तीन उन्हांत बरणी भरली, आणि आषाढात उघडली तर सगळ्यावर पांढरी बुरशी, दहा किलो भिरंडांची सोलां (वाळवलेली सालं) गाईच्या शेणखड्ड्यात गेली आणि मी रडले होते. वरचं दिसणं धरू नका, साल मोडून बघा, आत ओल हाताला लागते. बिया फेकू नका. राखेने चोळून धुऊन वाळवा, कुटून पाण्यात उकळा, वर तरंगतं ते गार झालं की घट्ट होतं, तेच भिरंडेल. पावसात चिखलात उभं राहून टाचा फुटतात तेव्हा याची किंमत कळते.

मग तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. देठासकट उतरवलेली, न आपटलेली तोरं धुऊन पूर्ण कोरडी करायची, आमच्या घरी चार किलोला एक किलो खडेमीठ, थरावर थर, वर पाटा किंवा स्वच्छ दगड. काही दिवसांत मिठाचं पाणी सुटतं, तोरं त्या पाण्याखालीच राहिली पाहिजेत, एक जरी वर आलं तरी तिथून बिघडायला सुरुवात होते. फणसाच्या आठळ्या धुऊन सुकवून कोरड्या वाळूत पुरून ठेवा, श्रावणात भाजीला काही नसतं तेव्हा कुळथाच्या जोडीला त्याच येतात.

घरचं भात असेल तर दाताखाली धरून बघा, कट्टकन तुटला दाणा तर भरा, नुसता दबला तर आणखी ऊन द्या. जेवढं लागेल तेवढंच सडून आणा, तांदळापेक्षा भात जास्त टिकतं.

मुलांचं विचारलं नाय तुम्ही, पण सांगते. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या मांडवीचं) सामान आणायला घरातल्या मोठ्यांबरोबर दोघांना रानात पाठवा. कुठलं फळ कुठल्या झाडाचं, काय खायचं आणि काय फक्त बांधायचं, हे ज्ञान पुस्तकात बसून येत नाय. आणि सासूबाई असतील तर वरच्या सगळ्या मापांत त्या सांगतील तेच खरं धरा, प्रत्येक घराचं मीठ वेगळं.

प्रश्न : पहिल्या पावसात आमच्या विहिरीचं पाणी गढूळ होतं, ब्लिचिंग पावडर किती टाकायची? शेजारी म्हणतात मूठभर टाक. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : मुठीने नको हो, मोजून टाका. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. गोल विहिरीचं पाणी मोजायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ०.७८५ ने गुणा आणि मग हजाराने. म्हणजे दोन मीटर व्यास, चार मीटर पाणी असेल तर १२,५६० लिटर, पावडर साधारण ३१ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडून हलवायची, खालचा चुना आत नको. निदान एक तास पाणी काढायचं नाय, मी संध्याकाळी टाकते आणि सकाळी काढते. पण पाणी लाल मातीचं असेल तोवर पावडर नीट काम करत नाय, आधी गाळ बसू द्या, तोवर प्यायचं पाणी गाळून खळखळ उकळा. आणि उघड्या पिशवीतली गेल्या वर्षीची पावडर वापरू नका, जोर गेलेला असतो.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शौचाचा खड्डा. निदान पंधरा मीटर लांब हवा, आणि आपला चिरा (जांभा दगड) सच्छिद्र, पाणी आतून लांबवर झिरपतं, म्हणून जागा असेल तर आणखी लांब आणि विहिरीच्या उताराखालीच. हे बांधतानाच बघायचं असतं, नंतर पावडरीने निभावत नाय.

प्रश्न : दोन गावठी गाई आहेत, दोन घनमीटरचा गोबरगॅस चालेल का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : नाय चालणार. त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागतं आणि गावठी गाय दिवसभर बाहेर चरली तर निम्मं शेण डोंगरावरच राहतं. एक घनमीटरचा बसवा, २५ किलोवर चालतो, शेणाइतकंच पाणी. तेवढंही गोठ्यात आठवडाभर रोज वजन करून बघा आणि मगच पैसे घाला.

प्रश्न : लाकडांच्या राशीत मण्यार निघाली, लहान मुलं आहेत, भीती वाटते. (एक वाचक, सांगे)

उत्तर : रास भिंतीपासून लांब न्या आणि खाली चिरे लावून जमिनीपासून उचला. भाताची पोती उंदरांपासून जपा, उंदीर आले की मागून साप येतोच. मण्यार रात्री फिरते, चावलेलं पुष्कळदा कळतही नाय, म्हणून जमिनीवर झोपवू नका मुलांना, खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून. अंगणात जाताना टॉर्च, लाकडं काढताना आधी काठीने हलवून मग हात. चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, हातपाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी हॉस्पिटल. सकाळी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं मूल म्हणालं तर डाग दिसो न दिसो, त्याच वेळी निघा.