अरुंद पावलाला माउंटन बाइकचे बूट

प्रश्न : मी कच्च्या वाटांवर माउंटन बाइक चालवतो. क्लीटवाले पेडल वापरतो, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेला धातूचा तुकडा (क्लीट) पेडलमध्ये अडकतो. माझं पाऊल लांब पण बारीक आहे. 43 नंबरचा बूट लांबीला बरोबर येतो, पण चवड्याला सैल पडतो. पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी पाय आत हलतो. चढावर सायकल ढकलत चालायची वेळ आली की टाच बुटातून वर येते. आणखी आवळलं तर अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. 42 घालून पाहिला. त्यात पकड चांगली वाटते, पण अंगठा पुढे टेकतो. दुकानदार म्हणाले, ‘घ्या, वापरून सैल होतो.’ घेऊ का?

उत्तर : 42 घेऊ नका. हे आधीच सांगते, कारण हीच चूक मी केली होती आणि त्यात दोन्ही अंगठ्यांची नखं गेली.

माझंही पाऊल अरुंद. क्लीटची पहिली जोडी मी एक नंबर लहान घेतली. दुकानात उभी राहिले तेव्हा पाय कुणीतरी हातात धरल्यासारखा वाटला आणि त्यावरच मी पैसे दिले. पण सपाट फरशीवर उभं राहून बुटाची खरी परीक्षा होत नाही. लांब उतारावर पेडलवर उभं राहून ब्रेक धरला की पाय बुटात पुढे सरकतो. दगडांवरून जाताना प्रत्येक धक्क्याला माझे अंगठे पुढच्या टोकावर आपटत होते. तीन-चार आठवड्यांत नखं काळी पडली आणि मग सुटून आली. नवी नखं पूर्ण यायला वर्ष गेलं.

हिशेब केला असता तर ती जोडी मी घेतलीच नसती. युरोपियन मापात एका नंबराचा फरक म्हणजे लांबीत 6.67 मिलिमीटर. त्याच एका नंबराने चवड्याभोवतीचा घेर कमी होतो साधारण 5 मिलिमीटरने, आणि हा घेर पावलाच्या चारी बाजूंनी मोजलेला. तळाची रुंदी बघायला गेलात तर दोन मिलिमीटरसुद्धा हाती लागत नाही. लांबी एवढी घालवायची आणि रुंदीत इतकंच मिळवायचं, हा व्यवहार पायाच्या मुळावर येतो. उभं असताना सर्वांत लांब बोटापुढे 8 ते 10 मिलिमीटर जागा राहिलीच पाहिजे. म्हणून 43 वर ठाम राहा. आपल्याला उत्तर रुंदीत शोधायचं आहे.

आता तुमच्या पावलाचा नेमका कोणता भाग अरुंद आहे ते बघू. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून चुकीचा बूट घरी येतो. काहींचा चवडा अरुंद असतो. काहींचा चवडा ठीक असतो, पण टाच निमुळती. काहींचं पाऊल वरून बघितलं तर रुंदीला बरं दिसतं, पण पाठ इतकी चपटी की बुटाच्या जिभेखाली पोकळी राहते. तिन्हींना बूट ‘सैल’ होतो, पण तिघांचा इलाज वेगळा.

संध्याकाळी माप घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सायकलवर घालता तेच मोजे घाला. कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि पेन्सिल अगदी सरळ धरून दुसऱ्या कुणाला तरी रेघ काढायला सांगा. वाकून स्वतः काढली तर भार पुढे जातो आणि माप फसतं. मग शिंप्याची टेप अंगठ्याच्या मुळाच्या हाडावरून आणि करंगळीच्या मुळावरून फिरवून घेर मोजा. दोन्ही पायांचा मोजा, सहसा ते सारखे भरत नाहीत. बूट निवडताना लांबी मोठ्या पायाची धरा, लहान पायाची जागा नंतर भरता येते.

शक्य असेल तिथे ब्रॅनॉकच्या मापपट्टीवर उभे राहा. 1920 च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी बनवलेलं हे धातूचं साधन लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतचं अंतरही दाखवतं. सायकलवाल्यांना हे तिसरं माप फार कामाचं, कारण क्लीट बसते ती चवड्याच्याच भागात. बोटं लांब असतील तर 43 नंबरच्या पायातही हे हाड बरंच मागे असू शकतं.

दुकानात पहिलं काम : बुटातला इनसोल (आतला सुटा तळ) बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. इनसोलचा काठ पावलाच्या दोन्ही बाजूंना ठळक दिसत राहिला तर तो साचा, म्हणजे बुटाचा आकार, तुमच्यासाठी नाही. मग बूट घालून पट्टे नेहमीसारखे लावा. दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींना भिडल्या, किंवा पट्ट्याचं टोक शेवटच्या दातापर्यंत गेलं, तर जोडी परत करा. नव्या बुटात आवळायची निम्मी जागा तरी शिल्लक हवी. ‘वापरून सैल होतो’ हा दुकानदारांचा सल्ला रुंद पायाच्या माणसाला कदाचित उपयोगी पडेल. तुमच्या बाबतीत तो उलटा आहे. बूट आताच सैल आहे, उद्या तो आणखी सैल होणार. शेवटी जिन्यावर जा, चवडा पायरीच्या कडेवर टेकवून चढा. सायकलच्या बुटाचा तळ कडक असतो, तो पायाबरोबर वाकत नाही, त्यामुळे टाच सुटायची असेल तर तिथेच सुटते.

मुंग्यांबद्दल. तुम्हाला वाटतंय की घट्टपणामुळे त्रास होतो, पण मूळ कारण पोकळी आहे. बूट बाजूंनी पायाला धरत नाही, म्हणून तुम्ही वरून आवळता. पावलाच्या पाठीवर मांस नसतं, कातडीखाली लगेच नसा आणि रक्तवाहिन्या. त्या दबल्या की बोटं बधिर होतात. म्हणून आवळणं थांबवून पोकळी भरा.

चवडा अरुंद असेल तर मूळ इनसोलखाली दोन मिलिमीटरचा सपाट तुकडा घाला. दोन्ही बाजूंची उंची दोन-दोन मिलिमीटरने कमी होते, म्हणजे घेरातून जवळपास चार जातात. एक नंबर लहान घेऊन जे मिळणार होतं ते जवळजवळ सगळं लांबी न गमावता मिळतं. मात्र तो तुकडा टाचेखाली नेऊ नका, कमानीच्या पुढेच कापा. टाच वर उचलली गेली तर बुटाच्या मागच्या, टाच धरणाऱ्या कपातून ती लवकर निसटते. पाठ चपटी असेल तर जिभेच्या आतल्या बाजूला तीन-चार मिलिमीटर जाडीची नमद्याची पट्टी चिकटवा. दाब पसरतो आणि मुंग्या थांबतात. माझं काम या पट्टीनेच झालं. टाच निमुळती असेल तर गाद्या कपाच्या दोन्ही बगलांना लावा, मागे नको. मागे लावलेली गादी पाय पुढे ढकलते आणि अंगठ्यापुढची जागा खाते. जाड मोजे हा मी सर्वांत शेवटचा उपाय मानते. ते घामाने दबतात आणि तासाभरात बूट पुन्हा सैल.

आता क्लीटचं, कारण इथे गोष्ट पडण्यापर्यंत जाते. 1990 साली जपानच्या शिमानो कंपनीने दोन बोल्टच्या क्लीटची एसपीडी पद्धत आणली. तिच्यात टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की बूट पेडलमधून सुटतो. टाच बुटात सैल असेल तर पहिली काही हालचाल नुसती पायाची होते, बूट जागेवरच राहतो. तो वळायला लागेपर्यंत तुम्ही कललेले असता. पेडलचा स्प्रिंग ढिला करूनही सुटायला उशीर होतो, अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी आधी टाच तपासावी.

बूट नीट बसल्यावरच क्लीट लावा. बूट घालून अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाची हाडं वरून चाचपा, बाहेर चिकटपट्टीने खुणा करा. क्लीट त्या दोन खुणांच्या मध्ये किंवा किंचित मागे ठेवा. बोल्ट 5 ते 6 न्यूटन-मीटरला कसा. इनसोलखाली भर घातली असेल तर सीटही तेवढीच वर घ्या.

कोणती कंपनी, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. इटलीच्या सिदीचे बूट अरुंद साच्यासाठी ओळखले जातात. त्यातल्या ‘मेगा’ नावाच्या जोड्या रुंद पायांसाठी असतात, त्या सोडा. शिमानोमध्ये ‘वाइड’ लिहिलेल्या जोड्या टाळा. बायकांसाठीचे बूटही घालून बघा. काही मॉडेलमध्ये फक्त रंग बदललेला असतो, पण काहींमध्ये टाच आणि चवडा खरोखर अरुंद असतो, आणि 43 नंबर त्यातही मिळू शकतो. डब्यावर काय लिहिलंय याचा पायाला काय फरक पडतो? आणि एका कंपनीचा एक बूट बसला म्हणून तिचे सगळे बसतील असं धरू नका. रस्त्यावरच्या सायकलचा आणि माउंटन बाइकचा साचा एकाच कंपनीतही वेगळा असतो.

प्रश्न : मी सपाट पेडल वापरते, क्लीट नाही. अरुंद पायासाठी डायलचा (चकती फिरवून तार आवळायचा) बूट घेऊ की नाडीचा?

उत्तर : नाडीचा. डायलची तार तिच्या सगळ्या वाटेवर सारखीच ओढली जाते. दोन डायल असतील तर दोन भाग वेगळे आवळता येतात, त्यापेक्षा जास्त नाही. नाडीने चवडा घट्ट, मधला भाग मोकळा आणि घोट्याजवळ पुन्हा घट्ट असं हवं तसं बांधता येतं. बुटाला सर्वांत वर जास्तीचं भोक असेल तर दोन्ही बाजूंनी नाडीचा छोटा फास करा, नाडीचं टोक समोरच्या फासातून ओवा आणि खाली ओढून मग गाठ मारा. टाच मागे धरून राहते. नाडीची टोकं मात्र जिभेवरच्या इलॅस्टिकमध्ये खोचा, नाहीतर ती साखळीत अडकतात. सपाट पेडलला पाय अडकलेला नसतो, त्यामुळे पाय बुटात हलला की पेडलवरची पकड लगेच जाते. इनसोलवर उभं राहण्याची आणि जिन्याची परीक्षा तुम्हीही घ्या, आणि ती परीक्षा दोन्ही पायांची घ्या.