वाचक विचारतात : चिनी डायनासोर आणि पाच वर्षांची नात

प्रश्न : माझी नात पाच वर्षांची. आईवडील नोकरीवर, त्यामुळे दिवसभर माझ्याकडे असते. तिच्या एका पुस्तकात चीनच्या डायनासोरांची पाच-सहा पानं आहेत आणि सध्या आमच्या घरी तेवढीच चालू आहेत. ती नावं वाचताना माझी जीभ अडखळते. शिवाय पुस्तकात त्यांना पिसं, तर तिच्या प्लास्टिकच्या डायनासोरांना खवले. ‘आजोबा, खरं काय?’ म्हणून पिच्छा पुरवते. जावई म्हणतात, ‘बाबा, ते रंगबिंग सगळे मनचेच.’ मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हिला काय सांगू? – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नावांची धास्ती सोडा. तुम्ही चुकलात तर नात सुधारेल, आणि त्यात तिला भारी मजा येईल. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, तरी ‘सायनोसॉरोप्टेरिक्स’ म्हणताना मध्ये दम घेते. तिचा ‘खरं काय?’ मात्र जपा. त्याला फक्त ‘आणि हे कळलं कसं?’ एवढं जोडा. त्यासाठी चिनी डायनासोर फार सोयीचे, कारण तिथे हाडांखेरीज बरंच काही टिकलंय.

ईशान्य चीनच्या लिआओनिंग प्रांतात साडेबारा कोटी वर्षांपूर्वी तळी होती आणि आसपास ज्वालामुखी. बारीक गाळात, राखेत दबलेल्या प्राण्याच्या पिसांचाही ठसा राहिला. १९९६ साली जगापुढे आलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या पाठीवर आणि शेपटीवर मऊ तंतूंची झालर होती. पक्षी नसलेल्या डायनासोरच्या अंगावर असं काही पहिल्यांदाच दिसलं. हा ठसा घरी करता येतो. गणपतीची उरलेली शाडू माती भिजवून थापा, वर कबुतराचं स्वच्छ धुतलेलं पीस दाबा, त्यावर चाळलेली राख भुरभुरा आणि मातीचा दुसरा थर द्या. पुरतं वाळलं की चाकूच्या टोकाने थर सोडवा. राखेमुळे ते सुटतात. एखादा तुकडा मोडेल, मोडू दे. खऱ्या जीवाश्मांचेही तुकडेच जुळवत बसावं लागतं.

खेळण्यांना लगेच खोटं ठरवू नका. लांब मानेच्या धिप्पाड डायनासोरांना पिसं असल्याचा पुरावा नाही. सिटॅकोसॉरस या वेगळ्याच डायनासोरच्या एका चिनी नमुन्यात तर अंगावर खवले आणि शेपटीवर ताठ, राठ केसांसारखे काटे, दोन्ही आहेत.

आता जावईबापूंचा मुद्दा. बहुतेक खेळण्यांचा हिरवा रंग कारखानदाराच्या मर्जीचा, हे कबूल. पण २०१० मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्सच्या तंतूंमध्ये रंगद्रव्याचे सूक्ष्म कण ओळखले गेले. तसेच कण आजच्या पक्ष्यांच्या पिसांत असतात. त्यांच्या आकारावरून कळलं की तो तांबूस होता आणि शेपटीवर पांढरे पट्टे होते. तेव्हा हा एक डायनासोर तिला बिनधास्त तांबूस रंगवू द्या.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे मेई लोंग. लिआओनिंगचाच, जेमतेम अर्धा मीटर लांब, २००४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पाय पोटाखाली दुमडलेले, शेपटी अंगाभोवती, डोकं पुढच्या हाताखाली खुपसलेलं, असा झोपलेल्या अवस्थेतच दगड झालाय. चित्र दाखवा आणि तळ्याकाठी बदकं झोपताना मान कुठे घालतात ते तिला बघू द्या. डायनासोर आणि पक्षी यांचं नातं तिला तिथेच दिसेल, व्याख्यान देऊ नका.

रेपेनोमॅमस मात्र झोपायच्या वेळी नको. हा डायनासोर नव्हे, चार-सहा किलोचा सस्तन प्राणी. त्याच्या पोटाच्या जागी सिटॅकोसॉरसच्या पिल्लाची हाडं सापडली. दुपारी सांगा, पुन्हा पुन्हा सांगायला लावेल.

चीनच्याच सिचुआन प्रांतातला लांब मानेचा मामेन्चीसॉरस सांगताना तिला स्वतःची मान चाचपू द्या. तिच्या मानेत मणके ७, तुमच्या ७, जिराफाच्याही ७ आणि याच्या १९. सिचुआनमध्ये सापडलेला एक २२ मीटर लांब होता, त्यात जवळजवळ निम्मी मान. पार्किंगमध्ये खडूने आखा. वॉचमन कुरकुरला तर त्यालाही मणके मोजायला सांगा.

कोटी वर्षांचा हिशोब आत्ता नकोच. ‘खूप खूप आधी, आपल्यातलं कुणीच नव्हतं तेव्हा’ एवढं या वयाला पुरतं. सांगाडा प्रत्यक्ष दाखवायचा तर चीन गाठायला नको. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरस उभा आहे. तो तेलंगणातला, मामेन्चीसॉरससारखाच लांब मानेच्या कुळातला. त्याची कवटी सापडलेली नाही, थोडे दात तेवढे मिळाले. ते मात्र तिला सांगाड्यासमोर उभं करूनच सांगा.