डिसेंबरअखेर केदारकंठाला बर्फ मिळेल का, आणि बर्फातली वाट कशी असते?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: साताऱ्यातले चौघे मित्र, वासोटा आणि कळसूबाई झालेलं, बर्फ आजवर फक्त टीव्हीवर पाहिलेला, आणि २६ डिसेंबरच्या आसपास केदारकंठाला जायचा बेत. बर्फ मिळेल का, वाट किती अवघड आणि इथे बसून तयारी काय करायची, हे हवंय. मी साताऱ्यातल्याच शाहूपुरीत राहते. धाकट्या जाऊबरोबर दोनदा गेले, एकदा डिसेंबरअखेर आणि एकदा फेब्रुवारीत. पहिल्यांदा माथा गाठला, दुसऱ्यांदा अलीकडूनच परत फिरलो. त्यामुळे दोन्ही बाजू सांगता येतील.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे दर थंडीत पेपरात फोटो येतो, वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले, महाबळेश्वरला बर्फाची चादर. आपण पहाटे स्कूटर काढून जातो, कुणाच्या तरी गाडीच्या टपावरचा पांढरा थर नखाने खरवडतो, फोटो काढतो, आणि ऊन आलं की सगळं पाणी. आपला बर्फाचा अनुभव म्हणजे एवढाच. शिवाय आपल्या बोलण्यात शब्दही एकच. गोळ्यावाल्याच्या लादीलाही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. त्यामुळे 'बर्फ आहे का' असं फोनवर विचारलं आणि तिकडून 'है, है' असं उत्तर आलं, तरी कळत काहीच नाही. विचारायचं ते असं: कधी पडला, त्यानंतर ऊन पडलं का, आणि वाटेवर किती लोक चालून गेलेत.

पडेल का, ते त्या-त्या आठवड्यावर आहे. केदारकंठा उत्तरकाशी जिल्ह्यात, उंची १२,५०० फूट, म्हणजे साधारण ३,८१० मीटर. तिकडचा हिवाळी बर्फ आणतो वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे बातम्यांतला पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानवरून तो हिमालयाला येऊन भिडतो, एक-दोन दिवस बर्फ टाकतो आणि पुढे सरकतो. मग काही दिवस लख्ख ऊन. एखाद्या डिसेंबरात असे लागोपाठ येतात, एखाद्या डिसेंबरात नाताळ उजाडला तरी धड एकही नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सांकरी, म्हणजे पायथ्याचं गाव, कोरडं ठणठणीत होतं. जुडा का तालाब या तळ्यापर्यंत, म्हणजे ९,१०० फुटांपर्यंत, पाचोळाच तुडवत गेलो. जाऊ म्हणाली, "ताई, एवढे पैसे खर्चून आपण बामणोलीच्या पलीकडचंच जंगल बघायला आलो की काय?" दुसऱ्या दिवशी तळ्याच्या वर चढलो आणि एका वळणानंतर वाट अशी पांढरी झाली की तिचं बोलणंच बंद.

ते वळण लक्षात ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरचा बर्फ चार दिवसांत वितळतो आणि उत्तरेकडचा महिनोन्‌महिने तसाच राहतो. त्यात देवदाराची सावली. म्हणून कोरडी माती, मग गुडघाभर बर्फ, मग पुन्हा माती, असं एकाच तासात होतं. उंचीचा हिशोबही सोपा आहे: हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. सांकरी १,९५० मीटरवर. तिथे ५ अंश असतील तर माथ्यावर उणे ७, आणि वारा धरला तर अंगाला त्याहून कितीतरी कमी जाणवतं.

आता वाटेबद्दल. ताजा पडलेला बर्फ पिठीसाखरेसारखा असतो. पाय खोल जातो, दम लागतो, पण घसरायला होत नाही. पडलात तरी हसू येतं. खरी भीती त्यानंतरच्या बर्फाची. शंभर माणसं एकाच पायवाटेने गेली की तो दाबला जातो, दुपारच्या उन्हात वरचा पापुद्रा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि तिसऱ्या दिवशी वाटेवर घोटीव काच तयार. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात केदारकंठाला इतकी गर्दी असते की माथ्याच्या चढावर रांग लागते. म्हणजे तुम्ही निवडलेल्या तारखांना बर्फ थोडा आणि काच जास्त, असं होण्याची शक्यता बरीच आहे. माझं ऐकाल तर जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. रजा मिळत नसेल, तर गर्दीच्या पायवाटेच्या कडेने, जरा भुसभुशीत बर्फावरून चाला. अर्थात कडेला दरी नाही ना, ते गाइडला विचारून.

माथ्यासाठी पहाटे तीन-साडेतीनला निघतात. सूर्योदयासाठी असं सगळे सांगतात, पण अर्धंच कारण ते. रात्रीच्या गारठ्याने बर्फ कडक झालेला असतो, तो वजन पेलतो. नऊ-दहा वाजले की तोच मऊ पडतो आणि प्रत्येक पावलाला पाय मांडीपर्यंत आत. वर दुपारचा वारा. वरच्या तळापासून, म्हणजे शेवटच्या मुक्कामाच्या तंबूंपासून, चढ फार नाही, हजार-बाराशे फूट. अजिंक्यतारा शहरापासून जेवढा उठतो जवळपास तेवढाच. अजिंक्यतारा मी रोज सकाळी पाऊण तासात करते. तिथे साडेतीन तास लागले. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्केच, दहा पावलांनी थांबावंच लागतं. माथ्यावर दगडांची रास आणि त्रिशूळ आहे. समोर स्वर्गारोहिणी, कालानाग, बंदरपूंछ. त्याबद्दल लिहित बसत नाही, बघालच.

उतरताना मात्र डोकं ताळ्यावर ठेवा. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरायची आपल्याला सवय असते: पाय सुटला की बूड टेकायचं, दोन फूट घसरायचं, मुरूम आपोआप थांबवतो. बर्फ थांबवत नाही. माझी जाऊ कड्यापासून चांगली लांब, साध्या उतारावर बसली. आपल्याकडे बसते तशीच. आणि बघता बघता निघाली. अंगावर गुळगुळीत कापडाचं जर्किन, खाली काच. वीस-पंचवीस फुटांवर खालच्या गाइडने पाय आडवा घातला म्हणून थांबली. काठी वर माझ्याजवळच राहिली होती. उठली तेव्हा तिच्या एका हातमोज्यात बर्फ गच्च भरलेला, आणि तोंडातून शब्द आला तो एकच, "चहा." ती आजही ती गोष्ट हसत सांगते. मला अजून हसू येत नाही. तर उतरताना टाच रोवायची, गुडघे किंचित वाकवायचे, अंग मागे टाकायचं नाही. भीतीने माणूस मागे रेलतो आणि तिथेच पाय सुटतो. चढताना चवडा बर्फात लाथेसारखा मारून पायरी करायची, किंवा पुढच्याच्या पायरीत पाय ठेवायचा.

सांकरीत क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली बांधायचे मोठे लोखंडी दात, म्हणून जे भाड्याने देतात ते खरं तर मायक्रोस्पाइक: रबराचा पट्टा, त्याला साखळी आणि छोटे दात. केदारकंठाला तेवढे पुरतात. पण घेतानाच दुकानात बुटावर चढवून बघा, रबर ताणून बघा. मी बघितलं नव्हतं. पहाटे चार वाजता, हेडटॉर्चच्या उजेडात, डाव्या पायाचं रबर टाचेजवळ फटकन तुटलं. बोटं इतकी बधिर की गाठ मारता येईना. शेवटी गाइडने पिशवीची सुतळी गुंडाळून दिली, त्यावर माथा झाला. आणि स्पाइक घालून कोरड्या दगडावर चालू नका, दात बोथट होतात आणि घोटा मुरगळतो. बर्फ संपला की काढायचे, कंटाळा आला तरी. गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं, तीही तिथेच मिळतात, ती घ्याच, नाहीतर बुटात वरून बर्फ जातो.

बूट नवे घेणार असाल तर आजच घ्या आणि महिनाभर वापरा. एक नंबर मोठे, कारण आत लोकरीचे मोजे येणार. सुती काहीही नको, ना मोजे ना बनियन. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलं की तोच अंगावर गार पडतो. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, चढताना काढता येतात. काळा चष्मा हौसेचा नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, दिवसभर उघड्या डोळ्यांनी चाललात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बाटली पिशवीत उलटी ठेवा, पाणी वरून गोठत येतं, म्हणजे तोंड मोकळं राहतं. रात्री तीच बाटली गरम पाण्याने भरून स्लीपिंग बॅगेत पायाशी. फोन आणि टॉर्चचे सेलही बॅगेतच, थंडीत बॅटरी बसते. वरच्या तळावर रात्री उणे ५ ते उणे १० सर्रास असतं.

डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नको वाटलं तर लगेच सांगायचं. आपल्या पोरांना हे सांगायची लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहिते. विरळ हवेचा त्रास व्यायाम करणाऱ्यालाही होतो. त्रास वाढत असेल तर उपाय एकच, खाली उतरणं. डायमॉक्स, म्हणजे या त्रासासाठीची गोळी, घ्यायची की नाही ते इथूनच डॉक्टरांना विचारून जा. आणि थर्टी फर्स्ट तंबूत साजरा करायचा बेत असेल तर बाटली घरी ठेवा. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता निघून जाते.

हिमस्खलनाबद्दल विचारलं नाहीत, पण घरच्यांच्या मनात असेल. केदारकंठाची बरीच वाट जंगलातून आणि धारेवरून जाते, म्हणून धोका कमी. शून्य नाही. जोरदार बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, त्यातही ३० ते ४५ अंशांचे मोकळे उतार. चंदिगडची संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, हवामान खात्याचा जिल्हावार अंदाजही असतो. निघण्याआधी तीन दिवस दोन्ही बघा. जुडा का तालाब गोठलेला दिसेल. लोक त्यावर उभे राहून फोटो काढतील. तुम्ही काठावर राहा.

फेब्रुवारीत आम्ही परत फिरलो ते असं. रात्रभर बर्फ पडत होता, तंबूवरचा थर आतून थोपटून पाडावा लागत होता. पहाटे निघालो तर पुढचा माणूस कमरेपर्यंत आत जात होता आणि टॉर्चचा उजेड धुक्यात चार फुटांवर संपत होता. तासाभरात शंभर-दीडशे फूटच चढलो असू. गाइड थांबला, काठी बर्फात खुपसली, ती मुठीपर्यंत गेली. म्हणाला, "दीदी, आज नहीं." आमच्यात पुण्याचे दोघे होते, त्यांनी वाद घातला, पैशांचा विषय काढला. तो ऐकूनच घेत नव्हता, खाली निघाला होता. त्यामुळे बुकिंग करताना जास्तीचा एक दिवस हाताशी ठेवा आणि वाटाड्या सांकरी भागातलाच घ्या.

जायचं कसं: साताऱ्याहून, म्हणजे माहुलीच्या स्टेशनवरून, गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला जाते. तिथून डेहराडून, आणि डेहराडूनहून सांकरी सुमारे २०० किलोमीटर, मसुरी-पुरोला-मोरीमार्गे आठ ते दहा तास. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुक्याने गाड्या रखडतात, तेव्हा पुढची जीप अगदी काटेकोर वेळेवर ठरवू नका. रोख पैसे पुरोल्यातच काढा. नैटवाडला वनखात्याची चौकी लागते, ओळखपत्र वरच्या कप्प्यात असू द्या.

सरावासाठी बर्फ लागत नाही. आठवड्यातून चार दिवस पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन अजिंक्यतारा, रविवारी यवतेश्वरचा घाट पायी किंवा जरंडेश्वर. उतरताना पळू नका, गुडघ्यांना तोच सराव हवाय. वासोटा केलायत म्हणता, तर दम आहे तुमच्यात. सवय नाही ती थंडीत चार तास न जेवता चालायची.

खायला कंदी पेढे न्या. आम्ही अर्धा किलो नेले होते. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ते असे दगड झाले की जाऊने एक पेढा दुसऱ्यावर आपटून फोडला आणि तुकडे खडीसाखरेसारखे चघळत माथा गाठला. आतल्या खिशात ठेवा.