घरी एक बोलणारा माणूस बैठकीत दुसरंच का बोलतो?

घरी 'लग्न साधंच करू' म्हणणारा बाप बैठकीत मोठ्या खर्चाला मान का डोलावतो, असं तुम्ही विचारलंय. तो ढोंगी असतो असं मला अजिबात वाटत नाही.

आमच्या यावल-चोपड्याकडे बैठकीला भाऊबंद, मामा, गावातले चार जाणते जमतात. चहा फिरतो, कोणीतरी डीजेचा आणि जेवणावळीचा विषय काढतो, आणि मुलीचा बाप तोंड उघडेपर्यंत दोघं-तिघं 'हो' म्हणून मोकळे झालेले असतात. बाया तर आतच, त्यांना विचारतं कोण? खरं तर बऱ्याच जणांना तो खर्च नको असतो, पण बाकीच्यांना हवाय असं प्रत्येकाला वाटत राहतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी एका प्रयोगात लोकांना नुसती रेघांची लांबी ओळखायला सांगितली. गटातले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा सुमारे ७५ टक्के लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. बरोबर उत्तर डोळ्यांसमोर असूनही! मात्र गटातला एखादा जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण खूप खाली यायचं.

म्हणून बैठकीआधीच एखाद्या मामांशी नाहीतर काकांशी बोलून ठेवा, आणि साध्या लग्नाचा विषय पहिल्यांदा त्यांनाच काढू द्या. चहा येण्याआधीच.